शिळ्या सणाची मुलगी

"आंटी, आपका जन्म दो बार हुआ है क्या?"

काउंटरपलीकडच्या मुलीने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर केया असं नाव होतं, वय फार तर सव्वीस, आणि सकाळपासून लोकांचे अर्ज तपासून तिचा चेहरा पार उतरला होता. तिने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक कॅनडाचा पासपोर्ट, त्यात जन्मतारीख २० सप्टेंबर १९५३. दुसरा कुलाबा जिल्ह्यातल्या आवास गावच्या मराठी शाळेचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला, शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मतारीख १ जून १९५३.

सिम्हाबाई रोहेकरांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही तारखा पाहिल्या. दाखला गेली अठ्ठावन्न वर्षं त्यांच्याजवळ होता, तीन देश आणि अकरा घरं फिरला होता. पण त्यातली तारीख वाचायची वेळ आजवर आली नव्हती.

"एकच बार हुआ," त्या म्हणाल्या. "लेकिन तब मैं बहुत छोटी थी, तारीख देखने का ध्यान नहीं रहा."

मागच्या खुर्चीवर बसलेले त्यांचे यजमान सोलोमन कॉफीच्या कपात खोकले. केया हसली, पण कागदांवरचा हात काही तिने काढला नाही. भारत सोडून दुसऱ्या देशाचे झालेल्यांना भारत सरकार जे ओळखपत्र देतं, ज्याच्या जोरावर माणूस आयुष्यभर विनाव्हिसा येऊ-जाऊ शकतो आणि हवं तितकं राहू शकतो, त्या ओसीआय कार्डाचा हा अर्ज होता. त्यासाठी आपण मुळात भारतीय होतो याचा पुरावा लागतो, आणि पुराव्यातला माणूस व अर्जातला माणूस एकच असावा लागतो. इथे तर एका सिम्हाने दुसरीपेक्षा साडेतीन महिने आधीच जन्म घेऊन ठेवला होता.

"ऐसे नहीं चलेगा, आंटी. पर टेन्शन मत लीजिए. अंकल का कार्ड है ना? स्पाउस कॅटेगरी में डाल दीजिए. मॅरेज सर्टिफिकेट लगाइए, बस, हो गया."

"नहीं," सिम्हाबाई म्हणाल्या.

"क्यों? कार्ड तो सेम ही आता है."

"सेम नहीं है, बेटा." त्यांनी दाखला पुन्हा त्याच घड्यांवर घडी घालून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवला आणि उठल्या. केयाने सोलोमनकडे पाहिलं. सोलोमननी खांदे उडवले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक त्यांना पक्कं कळलं होतं की ही बाई चिडली की मराठीत भांडते, पण हिंदीत 'बेटा' म्हणाली की विषय संपलेला असतो.

गाडीत बसल्यावर मात्र ते गप्प राहिले नाहीत. नोव्हेंबर निम्मा सरला होता, विंटर टायर्स कालच बसवून घेतले होते, आणि मार्कहॅमला परत जाणारा हायवे तुंबला होता. बोलायला वेळच वेळ होता.

"बायको म्हणून मिळालं तर त्या कार्डाचा रंग उतरतो काय?" त्यांनी विचारलं.

"उतरतो."

"अगं, लोक पन्नास लटपटी करतात कार्डासाठी. तुला ती पोरगी ताटात वाढून देत होती."

"अहो, मी इस्रायलला गेले ती आईच्या पासपोर्टवर. माझा फोटोसुद्धा नव्हता त्यात. नुसतं लिहिलं होतं, सोबत एक मुलगी. इथे आले ती तुमच्या कागदांवर, डिपेन्डन्ट म्हणून. आता एकाहत्तर वर्षांची झाले. माझ्या स्वतःच्या गावात जायला पण मी कुणाची तरी कोण म्हणून जाऊ?"

पुढचा ट्रक दोन फूट सरकला, सोलोमनही दोन फूट सरकले.

सिम्हाबाईंच्या आयुष्यात सांगण्यासारखं फार काही घडलं नव्हतं, असं त्याच म्हणायच्या. आवासला शालोम आवासकरांचा तेलाचा घाणा होता. बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, आणि म्हणून शनिवारी बंद राहणारा. एकोणीसशे सहासष्टमध्ये घाणा विकून आईवडील इस्रायलला गेले, तेव्हा सिम्हा तेरा वर्षांची होती. थोरली दिना लग्न होऊन गावातच राहिली, तिचा नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता. इस्रायलमध्ये सिम्हा एका कापडगिरणीत लागली, तिथेच मुंबईहून आलेल्या सोलोमनशी तिचं लग्न झालं. सत्त्याऐंशी साली सोलोमनना कॅनडात काम मिळालं आणि बिऱ्हाड इकडे आलं. इथे टोरांटोतल्या एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत सिम्हाबाईंनी एकोणतीस वर्षं काढली. त्यांचं काम कपड्यांवर नावं चिकटवण्याचं. आश्रमात नवा म्हातारा आला की त्याचे शर्ट, स्वेटर, पायमोजे, सगळं खाली यायचं आणि सिम्हाबाई प्रत्येकावर नावाची पट्टी गरम इस्त्रीने बसवायच्या. नाव नसलेला कपडा कोपऱ्यातल्या टोपलीत जायचा, आणि टोपलीतून कुणाच्याही अंगावर. म्हणून त्या पायमोज्याची जोडीसुद्धा सोडत नसत. हजारो माणसांना त्यांनी नावं दिली असतील, पण निवृत्तीच्या दिवशी केकवर त्यांचं नाव चुकलेलं होतं आणि त्यांनी तो केक हसत कापला होता.

दर दोन-तीन वर्षांनी त्या व्हिसा काढून आवासला दिनाकडे जायच्या. दिनाला त्या बाय म्हणायच्या. बायची एक खोड होती. सिम्हा दारात आली की पाणी विचारायच्या आधी ती विचारायची, "किती दिवस?" मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून, दुधाचे आणि गॅसचे हिशेब जिथे लिहिलेले असत तिथेच, पेन्सिलीने सिम्हाची जायची तारीख लिहायची. त्या दिवसापासून ती तारीख भिंतीवरून दोघींकडे बघत राहायची. शेवटच्या आठवड्यात तर बाय त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसायची.

दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात दोन देशांचं बिनसलं आणि कॅनडावाल्यांचे व्हिसे बंद झाले. नेमकी त्याच महिन्यात बाय अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन अलिबागला व्हायचं होतं. सोलोमनजवळ कार्ड होतं. जवान वयात ते स्वतःच्या पासपोर्टवर मुंबई सोडून निघाले होते, तो जुना पासपोर्ट दाखवून त्यांनी बारा वर्षांपूर्वीच कार्ड काढून ठेवलं होतं. सिम्हाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, मला व्हिसा मिळतोय की, घाई काय. तर सोलोमन गेले. मेव्हणीच्या उशाशी बसले, तिला पेज भरवली, कमोडची खुर्ची विकत आणली, आणि रोज सकाळी फोन करून तब्येत कळवली. सिम्हाबाई मार्कहॅमच्या कॉन्डोत पंधराव्या मजल्यावर फोन कानाला लावून नुसत्या फेऱ्या घालत होत्या. बहीण माझी, आणि गेले हे. नवऱ्याचे उपकार वाटले, आणि त्याच्या कार्डाचा हेवाही वाटला. एवढा हेवा त्यांना उभ्या जन्मात कुणाच्या दागिन्याचासुद्धा वाटला नव्हता.

व्हिसे दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाले, त्या जाऊनही आल्या. बाय आता काठीने चालत होती. पण परतताना कॅलेंडरवरची तारीख बघून सिम्हाबाईंनी मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी आपण येऊ ते आपल्या कार्डावर. मग बाय असेतोवर तिथेच राहू.

हायवेवर गाड्या हलू लागल्या, तसं सोलोमन एकदम हसायला लागले.

"काय झालं?"

"एक जून. अगं, माझ्या आत्याची एक जून, तिच्या नवऱ्याची एक जून. आमच्या चाळीतले निम्मे लोक एक जूनचे. गावच्या शाळेत पोर घालताना बापाला तारीख ठाऊक नसायची, मास्तरांना शाळा सुरू व्हायच्या आत वय बसवायचं असायचं. मग ते सगळ्यांना एक जूनला जन्माला घालायचे. अख्खा वर्ग एकाच दिवशी. तुला पण त्यांनीच घातलंय."

सिम्हाबाईंना हसू आलं, मग राग आला. "मग माझी खरी तारीख कुठली?"

"पासपोर्टातली."

"ती तरी कुणी दिली?"

हे सोलोमनना ठाऊक नव्हतं.

बायला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, सिम्हाबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. फोन शेजारच्या मृणालिनीने धरला होता. ती निवृत्त शिक्षिका, आणि खुब्याच्या दुखण्यापासून बायचे सगळे फोन तीच लावून द्यायची. पडद्यावर अर्धी बाय आणि अर्धं कॅलेंडर दिसत होतं.

"तू शिळ्या सणाला झालीस गो," बाय म्हणाली. "आदल्या दिवशी दारफाळणीचा सण. सगळे दारं लावून, पांढरे कपडे घालून उपासाला बसलेले. आईला दुपारपासून कळा. आईने कुणाला सांगितलं नाय, उपास मोडंल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण यायला आणि तू यायला एकच वेळ. मी दहा वर्षांची होते, मला सगळं आठवतंय."

दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, ज्यूंच्या वर्षातला सर्वांत मोठा उपास. कोकणातल्या बेने इस्रायलांनी त्याला आपलं नाव दिलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणायचे. त्या दिवशी गोरगरिबांना वाढायचं आणि पाहुण्यांकडे जायचं. दर वर्षी हा सण वेगळ्या तारखेला येतो, पण बायला इंग्रजी तारखांशी काही घेणं नव्हतं.

"आणि इस्रायलच्या विमानतळावर आईला विचारलं ना," बाय पुढे म्हणाली, "तिने मला पत्रात लिवलं होतं. तिथल्या बाबूने विचारलं, पोरीची तारीख काय? आई म्हणाली, तारीख मला ठाव नाय, शिळा सण ठाव हाय, आणि साल हे. त्यानेच सणांची वही उघडून तारीख काढली म्हणे."

"बाय, पण शाळेच्या दाखल्यात तर एक जून आहे. हे कागदावर पाहिजे. गावात कुठे लिहिलेलं असेल काय?"

"पाटलाच्या वहीत असंल. बाबांनी लिववलं असणार, ते सगळं लिववायचे. मी बघते."

"तू कशी बघशील? तू काठीवर चालतेस."

"म्हणून काय डोळे गेलेत माझे?"

तर एक्याऐंशी वर्षांची बाय काठी टेकत रिक्षात बसली आणि गावोगावच्या पाटलांच्या जुन्या वह्या जिथे जमा होत्या त्या अलिबागच्या कचेरीत गेली. पहिल्या खेपेस साहेब रजेवर. दुसऱ्या खेपेस जुन्या नोंदवह्यांच्या खोलीची किल्ली सापडेना. तिसऱ्या खेपेस बाय डबा घेऊनच गेली आणि दारासमोरच्या बाकावर बसून जेवली. कारकून म्हणाला, आजी, जेवण झालं की घरी जा. बाय म्हणाली, माझ्या बहिणीचा जन्म हाय आत, तो घेतल्याबिगर मी जात नाय. चौथ्या खेपेस वही निघाली. मृणालिनीने उताऱ्याचा फोटो पाठवला तेव्हा सिम्हाबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळी आडवी केली, हात पुसले आणि फोटो मोठा करून वाचला.

मौजे आवास. जन्म २० सप्टेंबर १९५३. बापाचे नाव शालोम बापूजी. जात इस्रायल. धंदा तेलाचा घाणा. आणि मुलाचे नाव या रकान्यात, नुसतं, 'मुलगी'.

तारीख जुळली होती, पण नाव नव्हतं. मुलग्याची सुंता व्हायची ती प्रार्थनालयाच्या वहीत नावासकट लिहिली जायची. मुलीचं बारसं बायका करायच्या, पाळण्याला टेकून गाणी म्हणायच्या, चणे वाटायच्या, आणि ते नाव कुठेच लिहिलं जायचं नाही. पाटलाने नोंद केली तेव्हा तर बारसंही झालेलं नसणार. सिम्हाबाईंना लाँड्रीतली ती कोपऱ्यातली टोपली आठवली आणि त्या खुर्चीवर बसल्या. चिरलेली भाजी दुपारपर्यंत तशीच राहिली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. याएल एडमंटनला असते, सरकारी खात्यात, आणि अर्ज ऑनलाइन भरायचं काम तिनेच केलं होतं. मराठी तिला सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"आई, लिसन. जस्ट अप्लाय थ्रू डॅड. इट्स द सेम कार्ड. व्हाय आर यू मेकिंग इट सो हार्ड?"

"तुझ्या लग्नानंतर तू आडनाव बदललंस?"

"नो. बट दॅट्स डिफरंट."

"कसं काय?"

शेवटी याएल म्हणाली, "ओके. सेंड मी द फोटो. आय विल सी व्हॉट एल्स वुई कॅन अटॅच."

तोड बायनेच काढली. शालोम आवासकरांना दोनच मुली. एक मी, माझी नोंद त्रेचाळीस सालच्या वहीत आहे. मग त्रेपन्न सालची ही दुसरी कोण? एवढा साधा हिशेब. अलिबागच्या वकिलाकडे जाऊन तिने तसं प्रतिज्ञापत्र करून दिलं. वकिलाने टाइप केलेलं तिने मृणालिनीकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, यात शिळा सण कुठे आहे? वकील म्हणाला, आजी, त्याची गरज नाही. बाय म्हणाली, तारखा तुमच्या असतील, आमची पोर शिळ्या सणाला झाली, ते लिवा. वकिलाने निमूटपणे शेवटी एक ओळ वाढवली. कुरियर डिसेंबरच्या अखेरीस मार्कहॅमला पोचलं.

अर्ज केंद्रात या वेळीही केयाच होती. तिने उतारा पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं, पुन्हा एकदा 'मुलगी' या शब्दाकडे पाहिलं. "आंटी, मैं भेज देती हूँ. डिसाइड वो लोग करेंगे. शायद इंटरव्ह्यू के लिए बुलाएँ." आणि मग जरा थांबून, कागद पाकिटात भरता भरता म्हणाली, "मेरी नानी का भी कहीं नाम नहीं है."

फेब्रुवारीत बोलावणं आलं. त्या दिवशी बर्फ असा पडला होता की सोलोमनना कॉन्डोच्या ड्राइव्हवेवर स्वतः फावडं धरावं लागलं. घरातून निघताना ते म्हणाले, "एलियाहू हानबीला मलिदा बोल." बेने इस्रायलांच्या घरात अडलेलं काम सुटावं म्हणून एलियाहू या प्रेषिताला हा नवस बोलतात.

"बोलले आहे कधीच," सिम्हाबाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारून बोलायचं असतं काय?"

डाउनटाउनला भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कचेरीत त्यांना एकटीलाच आत बोलावलं. टेबलावरच्या पाटीवर नंदन झा असं नाव होतं. पन्नाशीचा माणूस, स्वेटरवर कोट, नाक सर्दीने लाल. समोर त्यांची फाइल उघडी होती. त्यांनी नमस्कार केला, बसायला सांगितलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, आपके पति का कार्ड है. आपने स्पाउस में अप्लाय क्यों नहीं किया?"

सिम्हाबाईंनी याचं उत्तर गाडीत चार वेळा घोकलं होतं, इंग्रजीत. याएलने लिहून दिलं होतं. ते सगळं त्या क्षणी विसरलं.

"साहब, मैं बायको तो इनकी हूँ, पर जन्म इनकी वजह से नहीं हुआ," त्या म्हणाल्या. "जन्म मेरा आवास में हुआ. तेरह साल मैं उधर रही. कुएँ का पानी भरा, शाळा में गई, 'भारत माझा देश आहे' रोज बोला. फिर एक दिन आई के पासपोर्ट पे मुझे ले गए. मेरे को किसी ने पूछा नहीं, पूछने का रिवाज भी नहीं था. मैं किसी पे नाराज नहीं हूँ. लेकिन अब मेरी बहन उधर अकेली है, और मेरे को उसके पास जाना है. उसकी बहन बनके जाना है. किसी की मिसेस बनके नहीं."

झांनी प्रतिज्ञापत्र उचलून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ये शिला सन क्या है?"

सिम्हाबाईंनी सांगितलं. दारं लावायची, पांढरे कपडे, आईच्या कळा, सुईण. जिथे हिंदी पुरली नाही तिथे मराठी घातली. योम किप्पूरचा दुसरा दिवस, असं शेवटी म्हणाल्या. मग विमानतळावरच्या त्या बाबूचंही सांगितलं, ज्याने आईच्या सणावरून तारीख काढली होती.

"उसने कैसे निकाली, आपको पता है?"

"नहीं साहब. आई को भी पता नहीं था. बरोबर निकाली कि चुकीची, वो भी पता नहीं."

झांनी नाक पुसलं, कीबोर्ड पुढे ओढला आणि काहीतरी टाइप केलं. सिम्हाबाई मांडीवरच्या हातमोज्यांची बोटं सरळ करत बसल्या. आतापर्यंत त्यांना आपली तारीख खरी असल्याची खात्री होती. आता या माणसाने बटणं दाबल्यावर पहिल्यांदाच वाटलं, की आईचं साल चुकलेलं असलं तर? बाबूने वहीत भलतंच पान उघडलं असलं तर?

"उन्नीस सौ तिरपन," झा पडद्याकडे बघत म्हणाले. "योम किप्पूर, उन्नीस सितंबर. शनिवार."

मग ते खुर्चीत मागे टेकले. "तो उधर एक बाबू ने त्योहार से बीस निकाला. इधर गाँव के पाटील ने अपनी बही में बीस लिखा. दोनों को एक-दूसरे का पता नहीं."

"नहीं साहब."

"और ये एक जून?"

"वो मास्टरजी ने दिया. सबको देते थे."

झा पहिल्यांदा हसले. "मेरे पिताजी दो जनवरी को पैदा हुए. उनके तीनों भाई भी. अलग-अलग साल में, पर दो जनवरी को." त्यांनी फाइल बंद केली आणि वर हात ठेवला. "मैं ओरिजिन में ही फॉरवर्ड कर रहा हूँ. आपके अपने नाम से."

सिम्हाबाई बाहेर आल्या तेव्हा सोलोमन उभेच होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. रस्त्यावर आल्यावर थंडीने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थंडीचं नाही हे सोलोमनना कळलं. त्यांनी सिम्हाबाईंचा हात कोपरात धरला आणि घसरड्या फुटपाथवरून दोघं पार्किंगपर्यंत सावकाश चालत गेली.

कार्ड एप्रिलमध्ये आलं. खालून टपाल घेऊन सोलोमन वर आले आणि पाकीट न फोडता टेबलावर ठेवून दूर उभे राहिले. सिम्हाबाईंनी कात्रीने कड कापली. निळसर करडी पुस्तिका. आत त्यांचा फोटो, त्यांचं नाव, जन्म २० सप्टेंबर १९५३, जन्मस्थळ आवास. कुणाची मुलगी, कुणाची बायको, हे एका अक्षरानेही कुठे नव्हतं. त्यांनी नावावरून अंगठा फिरवला. पट्टी नीट बसली का हे पाहायला कपड्यावरून फिरवायच्या तसा.

"बघू तरी," सोलोमन म्हणाले.

"हात धुऊन या."

रविवारी मलिदा केला. कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये समाजातली पंधरा-सोळा माणसं जमली. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. सोलोमननी खड्या आवाजात प्रार्थना म्हटली. याएल एडमंटनहून आली होती. प्रसाद वाटून झाल्यावर तिने आईचं कार्ड हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, तुझा फोटो छान आलाय." एवढं वाक्य ती गेल्या दहा वर्षांत एका दमात बोलली नव्हती, म्हणून दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सगळे गेल्यावर भांडी आवरताना सोलोमननी हळूच विचारलं, "जाताना मला नेशील ना?"

"या की," सिम्हाबाई म्हणाल्या. "माझा नवरा म्हणून चालेल."

सोमवारी सकाळी आठला त्यांनी आवासला फोन लावला. मृणालिनीने फोन उभा करून ठेवला आणि ती चहा टाकायला गेली. बाय समोर बसली होती. सिम्हाबाईंनी कार्ड उघडून पडद्यापुढे धरलं.

"दिसत नाय गो. जवळ धर. हां. आता दिसतंय. तूच हायेस."

"मग कोण असणार?"

"तिकिट काढलंस?"

"काढलं. एक जूनला पोचते."

बायला ते कळलं आणि ती तोंडावर पदर धरून बराच वेळ हसत राहिली. मग काठीने उठली, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं, खिळ्यामागची पेन्सिल काढली, जून महिन्याच्या पहिल्या चौकोनात काहीतरी लिहिलं. लगेच पानं उलटत जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर करत पुढे गेली. वर न बघताच तिने विचारलं, "आणि जायची?"

"जायची नाही लिहायची."

पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. बायने वर बघितलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आता तारीख नाही, बाय. तू असेतोवर मी आहे."

नोव्हेंबर, डिसेंबर, एकेक पान बायने उलटून पाहिलं, जणू कुठेतरी लिहिलेली असेलच. शेवटचं पान झाल्यावर तिने कॅलेंडर बंद केलं आणि पेन्सिल पदराला पुसली.

"मग येताना ते गुडघ्याला लावायचं मलम आण," ती म्हणाली. "या खेपेला मोठी बाटली आण."